शाळेचे दप्तर आणि समाजाचा शोध

(केंद्र संमेलनातील वाचन व चर्चेसाठी अभ्यासलेख)

शासन एखादी योजना आखते तेव्हा तिच्या मुळाशी काही आकडे असतात. गावात मुले किती, त्यांतील शाळेत किती, मध्येच शाळा सोडणारी किती आणि ती का सोडतात, या प्रश्नांची काही उत्तरे गृहीत धरूनच खोल्या बांधल्या जातात, शिक्षक नेमले जातात व पैसा मंजूर होतो. ही गृहीत उत्तरे बरोबर आहेत की नाहीत हे पद्धतशीरपणे तपासणे, आणि काय केले असता समाजाचे हित साधेल याचा त्या आधारे विचार करणे, यास धोरणविषयक संशोधन म्हणतात. नाव भारदस्त असल्यामुळे हे काम विद्यापीठातील विद्वानांचे असून खेड्यातील प्राथमिक शिक्षकाचा त्याच्याशी काही संबंध नाही, असा समज सहज होतो. तो समज कितपत खरा आहे हे येथे पाहावयाचे आहे. अशा अभ्यासाची दीडशे वर्षांची परंपरा पुणे शहराला आहे. म्हणून उदाहरणे तेथील घेतली आहेत आणि शेवटी प्रत्येक शाळेत करता येण्याजोगा एक छोटा अभ्यास दिला आहे.

१. पुण्यातील आरंभ

पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. पुढे १८७६-७७ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने आपली माणसे गावोगाव पाठवून पिके, पाणी, धान्याचे भाव व लोकांची स्थिती यांची माहिती जमविली आणि तिचे वृत्तांत सरकारला सादर केले. नुसती तक्रार सरकारने ऐकून सोडून दिली असती. गावाच्या नावासह आलेल्या माहितीस मात्र उत्तर देणे भाग पडते, हे त्या पिढीने ओळखले होते.

त्याच शहरातून १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. सरकारी महसुलाचा मोठा भाग कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ मुख्यत्वे वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुद्दा होता. पैसा कोणाकडून येतो व कोणावर खर्च होतो, हा प्रश्न आजही प्रत्येक धोरणाच्या परीक्षेत पहिला मानला जातो.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ज्या भागात मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपर्यंत पोचले असेल तेथेच सक्ती लागू करावी, अशी त्या विधेयकात तरतूद होती. म्हणजे कायद्याचा अंमल कोठे सुरू व्हावा हे शाळेतील संख्येवरून ठरावयाचे होते. १९१२ च्या मार्चमध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून समाविष्ट होण्यास २००२ साल उजाडले आणि त्यासंबंधीचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अंमलात आला.

२. जुन्या नोंदींचा उपयोग

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर या एकाच गावाचा बारकाईने अभ्यास केला. तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. हे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथे शेतांच्या जागी इमारती उभ्या आहेत. त्या अभ्यासातील एक निष्कर्ष पुढे अनेक ग्रंथांत उद्धृत झाला. गावातील जमीनधारणेची सरासरी १७७१ साली सुमारे ४० एकर होती, ती १९१४-१५ साली सुमारे ७ एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे पडत जाण्याचा प्रश्न किती गंभीर आहे हे या दोन आकड्यांनी स्पष्ट केले. तुकडेबंदी व तुकडेजोड यांविषयीचा कायदा तत्कालीन मुंबई प्रांतात १९४७ साली झाला.

शिक्षकाने यातून एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. १७७१ ची सरासरी सांगता आली ती पेशवाईच्या काळात कोणी तरी जमिनीची नोंद करून ठेवली होती म्हणून. तो लिहिणारा मनुष्य संशोधक नव्हता. सुमारे दीडशे वर्षांनी कोणी आपल्या नोंदीवरून समाजाचा विचार करील, याची त्याला कल्पनाही नसेल. त्याने आपले रोजचे काम नीट केले, एवढेच.

३. गोखले संस्था व पद्धतीची शिस्त

रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्था स्थापन झाली. प्रा. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. आपल्या देशातील प्रश्नांचा अभ्यास आपल्याच देशातील बाजारपेठांत, शेतांत व घरांत जाऊन करावा, अशी त्यांची भूमिका होती. पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी १९३३ साली, तर वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० साली प्रसिद्ध झाली. पुणे शहराच्या सामाजिक व आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ व १९५२ साली निघाले. पुढे ना. वि. सोवनी व त्यांचे सहकारी यांनी त्याच शहराची फेरपाहणी केली आणि ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. पाहिलेल्याच शहराकडे पुन्हा का पाहावयाचे, असे कोणास वाटेल. परंतु एका वेळच्या पाहणीवरून स्थिती कळते. बदल कळण्यास त्याच ठिकाणी त्याच पद्धतीने दुसऱ्यांदा मोजावे लागते. वर्गातील मुलाचे एकदा वजन घेऊन त्याची वाढ सांगता येत नाही, तसेच हे आहे.

अशा अभ्यासात दुसरी शिस्त व्याख्येची असते. प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. गरीब कोण, याची कल्पना प्रत्येकाची निराळी असल्यामुळे त्यांनी आधी कसोटी निश्चित केली. दररोज दरडोई २२५० उष्मांक मिळतील एवढा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर शक्य होतो, ती पातळी त्यांनी आधारभूत धरली. या रेषेविषयी पुढे पुष्कळ वाद झाले. पण वाद करता आले तेही व्याख्या स्पष्ट होती म्हणूनच. शाळेत हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. ‘शाळेत जाणारे मूल’ कोणास म्हणावे? ज्याचे नाव पटावर आहे त्यास, की जे नियमित वर्गात बसते त्यास? या दोन व्याख्यांनी काढलेल्या संख्या एकच येतील असे नाही.

४. गळती आणि स्थगन

प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात एका आकड्याने मोठा परिणाम घडविला. सायमन आयोगाच्या साहाय्यक समितीने, म्हणजे हार्टाग समितीने, १९२९ साली आपला अहवाल सादर केला. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांमागे १९२५-२६ साली चौथीत केवळ १८ मुले शिकत होती, असे समितीने दाखविले. शिक्षण पुरे होण्यापूर्वी मूल शाळेतून निघून जाणे यास गळती, आणि एकाच इयत्तेत एका वर्षाहून अधिक काळ राहणे यास स्थगन, असे शब्द त्या अहवालापासून रूढ झाले. हाती असलेली व्यवस्था आधी सुधारावी, विस्ताराची घाई करू नये, असा समितीचा कल होता. नव्या शाळा निघाव्यात की न निघाव्यात या निर्णयाला या आकड्याचा आधार मिळाला.

आता हा आकडा तपासून पाहावा. १९२२-२३ च्या पहिलीतील १०० मुले सर्व त्याच वर्षी नव्याने दाखल झालेली नसणार. आदल्या वर्षी, त्याच्याही आदल्या वर्षी दाखल होऊन पहिलीतच राहिलेली मुलेही त्यांत मोजली जाणार. म्हणजे पहिलीचा पट स्थगनामुळे फुगतो आणि चौथीचा त्यामानाने फारच लहान दिसतो. यामुळे गळती व स्थगन एकमेकांत मिसळतात आणि सर्वच तूट गळती म्हणून समजली जाण्याचा संभव राहतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. मूल घरच्या गरजेमुळे शाळा सोडत असेल तर उपाय घराच्या बाजूने करावा लागतो. ते वर्षानुवर्षे त्याच वर्गात राहून कंटाळून शाळा सोडत असेल तर उपाय अध्यापनाच्या बाजूने करावा लागतो. निदान चुकले तर औषधही चुकते.

या प्रश्नाचा शोध गोखले संस्थेने पुण्याच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात घेतला. प्रा. गाडगीळ व प्रा. दांडेकर यांच्या नावाने १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणासंबंधी दोन अन्वेषणांचे अहवाल एकत्र आले. शाळा सोडल्यावर शिकलेली अक्षरे किती टिकतात, माणूस पुन्हा निरक्षर होतो काय, हा एका अन्वेषणाचा विषय होता. दुसऱ्याचा विषय गळती व स्थगन हाच होता. देशभराच्या बेरजेवर विसंबून न राहता एका जिल्ह्यात उतरून पाहावे, हा या कामाचा मोठा धडा आहे. असा शोध घ्यावयाचा तर मूल कोणत्या वर्षी आले, कोणत्या इयत्तेत किती दिवस राहिले व केव्हा गेले, हे कोठे तरी लिहिलेले असावे लागते. ते लिहिण्याची जागा शाळेचे दप्तर, आणि लिहिणारा हात शिक्षकाचा.

५. आपल्या शाळेतील अभ्यास

वरील विवेचन आपल्या शाळेस लावून पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एका शाळेत या वर्षी पहिलीचा पट ४० व चौथीचा २४ आहे. कोणी घाईने म्हणेल की १६ मुले गळली. हे अनुमान चुकीचे आहे, कारण ही दोन निरनिराळ्या वर्षांची मुले आहेत. या वर्षीची चौथी ज्या वर्षी पहिलीत आली त्या वर्षीचा दाखल आकडाच पाहावयास हवा. समजा, जनरल रजिस्टरावरून तो ३० निघाला. ३० वजा २४ म्हणजे ६ मुले कमी झाली. शाळा सोडल्याचे दाखलेही सहाच दिलेले आहेत. हिशेब तंतोतंत जुळला. कागदावर एकही मूल शाळेबाहेर नाही.

आता त्याच ३० नावांचा एकेक करून माग काढावा. समजा, असे आढळले :

आज चौथीत नियमित येणारी : १९
दाखला घेऊन गेलेली : ६
नाव पटावर आहे, पण कित्येक महिने वर्गात न आलेली : ३
दाखला न नेता निघून गेलेली व नाव कमी झालेली : २

बेरीज ३० झाली. चौथीच्या पटावरील २४ नावांत मूळ तुकडीतील १९ व ३ अशी २२, आणि परगावाहून नव्याने आलेली २ मुले आहेत. नव्याने आलेल्या दोघांनी गेलेल्या दोघांची जागा भरून काढली आणि न येणाऱ्या तिघांना त्यांच्या नावांनी झाकले. वजाबाकी बरोबर आली, पण पाच मुले शाळेबाहेर राहिली आणि एकाही तक्त्यात दिसली नाहीत. शिवाय दाखला घेऊन गेलेली सहाही मुले दुसऱ्या शाळेत खरोखर दाखल झाली काय, हे त्या शाळेकडून कळल्याखेरीज त्यांचाही हिशेब पुरा झाला असे म्हणता येत नाही.

स्थगनाचे रूपही आज बदलले आहे. पहिली ते चौथीच्या वर्गांत आता मुलास त्याच इयत्तेत ठेवले जात नाही. त्यामुळे रजिस्टरात स्थगन आढळणार नाही. परंतु चौथीत बसलेले मूल दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकत नसेल, तर ते दुसरीतच थांबलेले आहे, असे समजावे. म्हणून वरील १९ मुलांपुढे आणखी एक रकाना आखावा आणि प्रत्येकाचे वाचन स्वतः ऐकून ते मूल कोणत्या इयत्तेचा मजकूर अर्थ समजून वाचते ते लिहावे. पुण्यातील पाहणीप्रमाणे हेच काम पुढील वर्षी त्याच महिन्यात पुन्हा केले म्हणजे बदल कळेल.

६. कारणांचा शोध

संख्या निश्चित झाल्यावर कारणांकडे वळावे. येथे सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तयार उत्तर. ‘पालकांची उदासीनता’ हे शब्द लिहिण्यास सोपे असतात, पण त्यांवरून कोणतीही योजना आखता येत नाही. पालक उदासीन का दिसतात, हाच तर शोधाचा विषय. त्यासाठी घरी जावे, आणि मूल का येत नाही असे दरडावून न विचारता, मूल दिवसभर काय करते हे विचारावे. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मुलगी घरी राहते. ऊसतोडीच्या हंगामात कुटुंबच गाव सोडते. ओढ्याला पाणी आले की वाडीवरून येणारी वाट बंद होते. वर्गात वाचता येत नाही म्हणून हसे होते. यांतील प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. पहिल्यासाठी अंगणवाडीची वेळ, दुसऱ्यासाठी शिक्षण हमी पत्रक व हंगामी वसतिगृह, तिसऱ्यासाठी साकव, चौथ्यासाठी शिक्षकाचा जास्तीचा अर्धा तास.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. एक, दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते असे नव्हे. गैरहजर राहणाऱ्या मुलांचे वाचन कच्चे असते, हे खरे. पण गैरहजेरीमुळे वाचन कच्चे राहिले, की वाचन कच्चे म्हणून गैरहजेरी वाढली, हे प्रत्येक मुलाच्या बाबतीत वेगळे पाहावे लागते. दुसरी, घरी मिळालेली माहिती चावडीवर बोलू नये. संमेलनात संख्या व कारणे सांगावीत, कुटुंबाचे नाव सांगू नये. विश्वास गेला की पुढच्या वेळी दार उघडेल, पण खरे उत्तर मिळणार नाही.

७. खऱ्या नोंदीचे मोल

हे सर्व सांगताना एक अडचण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शाळेत शिक्षकांची किती पदे राहणार हे पटावरून ठरते. न येणाऱ्या तीन मुलांची नावे पटावर ठेवण्यामागे पुष्कळदा हीच भीती असते, आणि ती निराधार नाही. एक पद गेले तर राहिलेल्या शिक्षकावर दोन-तीन वर्गांचा भार पडतो. परंतु या वाटेचा शेवट राज्याने पाहिलेला आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत महाराष्ट्रभर विशेष पटपडताळणी करावी लागली, आणि प्रामाणिक शाळांनाही संशयाच्या नजरेला तोंड द्यावे लागले. ४ जुलै २०१५ रोजी शाळाबाह्य मुले शोधण्यासाठी राज्यभर एका दिवसाचे सर्वेक्षण झाले. एका दिवसाची मोहीम कितीही मोठी असली तरी वर्षभराच्या खऱ्या हजेरीची जागा ती घेऊ शकत नाही.

खोट्या नोंदीची खरी किंमत मात्र शाळा देत नाही, ते मूल देते. ज्याचे नाव पटावर आहे ते कोणाच्याही यादीत शाळाबाह्य ठरत नाही. म्हणून त्याच्यासाठी वसतिगृहात जागा धरली जात नाही, हमी पत्रक निघत नाही, कोणी त्याच्या घरी जात नाही. जे मूल शाळेत नाही असे लिहिले जाते, त्याला परत आणण्याची निदान एक संधी शिल्लक राहते. नाव कमी करून मोकळे होणे हाही उपाय नव्हे. मुलास शाळेत आणून टिकविण्याची जबाबदारी कायद्याने व्यवस्थेवर टाकली आहे.

याबरोबरच पर्यवेक्षण करणाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. खरा पण वाईट आकडा सांगणाऱ्या शिक्षकास सर्वांदेखत बोल लावला, तर पुढच्या महिन्यात त्या केंद्रातील सर्व आकडे चांगले येतील आणि एकही खरा नसेल. ज्या शाळेने आपली पाच मुले हरवल्याचे स्वतः शोधून काढले, ती शाळा जागी आहे, असे समजून तिला साहाय्य द्यावे.

अशा रीतीने पाहिले असता धोरणाचा अभ्यास व खेड्यातील शाळा यांत वाटते तेवढे अंतर नाही. पुण्यातील विद्वानांनी पद्धत दिली, आणि ती पद्धत चालते ती शाळेच्या दप्तरावर. रोज सकाळी हजेरी घेताना समोर न दिसणाऱ्या मुलापुढे ‘गैरहजर’ असे लिहिणे, ही या साऱ्या शोधाची पहिली पायरी होय.

स्वाध्याय

(१) तीन वर्षांपूर्वी आपल्या शाळेत पहिलीत नव्याने दाखल झालेल्या सर्व मुलांची यादी जनरल रजिस्टरावरून तयार करा व वर दिल्याप्रमाणे त्यांचे चार गट पाडा.

(२) दाखला घेऊन गेलेल्या मुलांपैकी किती दुसऱ्या शाळेत दाखल झाली, हे त्या शाळांकडे विचारून निश्चित करा.

(३) आज चौथीत असलेल्या प्रत्येक मुलाचे वाचन ऐका आणि ते कोणत्या इयत्तेच्या पातळीवर आहे ते नोंदवा.

(४) न येणाऱ्या मुलांपैकी दोघांच्या घरी जाऊन कारण समजून घ्या. त्या कारणावर शाळा काय करू शकते, ग्रामपंचायत काय करू शकते व जिल्हा परिषदेने काय करावयास हवे, हे तीन स्वतंत्र वाक्यांत लिहा.

(५) ही टिपणे केंद्र संमेलनात वाचा. निरनिराळ्या शाळांत एकच कारण वारंवार आढळल्यास त्यासंबंधीचा ठराव संख्येसह पंचायत समितीकडे पाठवा.